आपलं पीएमओ नीट चालतंय का, हे कसं ओळखायचं?



"मी पीएमओमध्ये काम करतो" असं गावाकडे फोनवर सांगितलं की पलीकडचा आवाज एकदम बदलतो. त्यांना वाटतं, पंतप्रधान कार्यालय! मग आपलं पीएमओ म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट ऑफिस, कंपनीत एकाच वेळी चाललेल्या वीस-पंचवीस प्रोजेक्ट्सचा हिशोब, वेळापत्रक, जोखमी आणि खर्च एका जागी ठेवणारं खातं, हे समजावून सांगेपर्यंत त्यांचा निम्मा आदर ओसरलेला असतो. "म्हणजे क्लार्कचं काम का रे?" हा प्रश्न मला एका काकांनी अगदी निरागसपणे विचारला होता.

प्रश्न निरागस असला तरी इथल्या कंपन्यांमध्ये तो दर दोन-तीन वर्षांनी, बजेट कापायची वेळ आली की, गंभीरपणे विचारला जातो. पीएमओवर आपण वर्षाला इतके युरो घालतो, त्यातून मिळतं काय? आपल्या मंडळातले कितीतरी जण अॅमस्टरडॅम, उट्रेख्त, आइंडहोवनच्या बँका, विमा कंपन्या आणि कारखान्यांच्या पीएमओमध्ये आहेत, किंवा पीएमओला दर आठवड्याला रिपोर्ट पाठवणारे प्रोजेक्ट मॅनेजर आहेत. त्यांच्यासाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. जो केनिसमिग्रांट म्हणून इथे आहे त्याची नोकरी गेली तर नवी शोधायला जास्तीत जास्त तीन महिने मिळतात. मुलांची शाळा, घराचं कर्ज सगळं त्या तीन महिन्यांना टांगलेलं. त्यामुळे "आमचं पीएमओ कामाचं आहे" हे सिद्ध करायची घाई होते, आणि त्या घाईत नको ते आकडे पुढे केले जातात.

सहसा पुढे केले जातात ते आकडे असे. किती टक्के प्रोजेक्ट्स ठरलेल्या वेळेत आणि पैशांत संपले? किती टक्के प्रोजेक्ट मॅनेजर्सनी टेम्प्लेट वेळेवर भरली? डॅशबोर्डवर हिरवे किती, पिवळे किती, लाल किती? यातला पहिला आकडा सगळ्यांत भारदस्त दिसतो, म्हणून त्याचीच आधी झडती घेऊ.

१९९४ साली अमेरिकेतल्या स्टँडिश ग्रुपने 'केऑस रिपोर्ट' काढला. सॉफ्टवेअर प्रोजेक्ट्सपैकी फक्त १६ टक्के यशस्वी, ३१ टक्के मध्येच रद्द, बाकीचे कसेबसे पूर्ण, हे त्यातले आकडे गेली तीस वर्षं प्रत्येक प्रेझेंटेशनच्या दुसऱ्या स्लाइडवर हजेरी लावत आहेत. यशाची व्याख्या होती : वेळेत, बजेटमध्ये, आणि सुरुवातीला ठरवलेल्या सर्व सोयींसह. अॅमस्टरडॅमच्या फ्राय युनिव्हर्सिटाइटमधल्या एव्हेलेन्स आणि व्हेरहूफ या दोघा संशोधकांनी ही व्याख्या प्रत्यक्ष कंपन्यांच्या आकड्यांवर लावून पाहिली. १,२११ प्रोजेक्ट्स आणि त्यांचे ५,४५७ अंदाज त्यांनी तपासले. २०१० साली त्यांचा लेख 'आयईईई सॉफ्टवेअर' मासिकात आला. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा : ही व्याख्या प्रोजेक्ट चांगलं झालं का ते मोजतच नाही. ती फक्त पहिला अंदाज ओलांडला की नाही एवढं मोजते. जो अंदाज फुगवून सांगतो तो पास, आणि जो प्रामाणिकपणे मधला आकडा सांगतो तो निम्म्या वेळा नापास!

उदाहरण घेऊ. आकडे माझे, समजण्यापुरते.

पहिलं प्रोजेक्ट सुरुवातीला ४ लाख युरोंचं. तीन महिन्यांनी पीएमओ म्हणालं, ४.६ लागतील. सहाव्या महिन्यात म्हणालं, ५.१. शेवटी झाले ५.२. दुसरं प्रोजेक्ट सुरुवातीला ८ लाख सांगितलं आणि ६ लाखांत झालं. तिसरं ४ लाखांचं. दहा महिने दर महिन्याला "४ लाखच, सगळं हिरवं". अकराव्या महिन्यात एकदम ६ लाख.

टक्केवारीच्या हिशोबात पहिलं आणि तिसरं नापास, दुसरं पास. पण जरा विचार करा, पीएमओ कुठे कामाला आलं? पहिल्या प्रोजेक्टमध्ये मालकाला तिसऱ्या महिन्यातच कळलं की पैसे जास्त लागणार. त्याला काम कमी करता आलं असतं, पैसे दुसरीकडून वळवता आले असते, बंदही करता आलं असतं. दुसऱ्यात २ लाख युरो वर्षभर उगाच अडकून पडले, आणि त्यामुळे एखादं चांगलं काम रांगेत थांबलं. तिसऱ्यात तर वरातीमागून घोडं. म्हणजे जिथे पीएमओने खरंच काम केलं तेच प्रोजेक्ट नापासांच्या यादीत!

म्हणून माझं मत असं आहे की पीएमओ मोजायचं असेल तर एकच गोष्ट धरावी : खरी बातमी, निर्णय घेणाऱ्या माणसापर्यंत, अजून काही करता येण्यासारखं असताना पोचते का? आणि पोचल्यावर काही बदलतं का? टेम्प्लेट, टूल, ट्रेनिंग हे सगळं त्यासाठीचं सामान आहे.

हे मोठ्या प्रमाणावर कसं चुकतं ते पाहायला लांब जायला नको. नेदरलँड्समध्ये उतरल्यावर आपण पहिल्या काही दिवसांतच जन्मदाखले घेऊन खेमेंतेत, म्हणजे नगरपालिकेत, नोंदणीला जातो आणि बीएसएन नंबर घेतो. ती नोंद होते बीआरपी नावाच्या लोकसंख्या-नोंदवहीत. नोंदवही देशाची असली तरी प्रत्येक खेमेंते आपापल्या संगणकप्रणालीवर ती चालवते. त्याऐवजी सगळ्यांसाठी एकच आधुनिक मध्यवर्ती प्रणाली करायची, अशी 'ऑपराट्सी बीआरपी' नावाची योजना होती. मूळ कल्पनेपासून मोजलं तर दशकाहून जास्त काळ तिच्यावर काम झालं. जुलै २०१७ मध्ये मंत्री रोनाल्ड प्लास्टर्क यांनी ती थांबवली, तोवर सुमारे १० कोटी युरो खर्च झाले होते. खेमेंत्यांची नोंदणी जुन्याच पद्धतीने चालू राहिली. या प्रकल्पावर देखरेखीची कमतरता नव्हती, हे लक्षात घ्या. अहवाल होते, तपासण्या होत्या, नवं वेळापत्रक, नवं बजेट सगळं रीतसर होतं.

ही 'नवं बजेट' भानगड नीट समजून घेण्यासारखी आहे. आपल्याकडे तिला री-बेसलाइन म्हणतात. प्रोजेक्ट लाल झालं की स्टिअरिंग कमिटी नवा आकडा मंजूर करते, आणि दुसऱ्या दिवशी तेच प्रोजेक्ट हिरवं! नियमाला धरूनच असतं सगळं. पण डॅशबोर्ड बघणाऱ्याला मूळ आकडा कुठेच दिसत नाही. तुमच्या पीएमओची परीक्षा घ्यायची असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा : पहिला मंजूर आकडा आजच्या रिपोर्टमध्ये अजून दिसतो का?

सरकारी आयटी प्रोजेक्ट्सचं असं का होतं, हे शोधायला इथल्या संसदेने २०१२ साली टॉन एलियास यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आपण रोज टॅप करून ज्याच्यावर प्रवास केला त्या ओव्ही-चिपकार्डाचाही त्यांनी अभ्यास केला. ऑक्टोबर २०१४ मध्ये अहवाल आला. आपल्या आयटी प्रकल्पांवर सरकारचा ताबा नाही, इतकं सरळ वाक्य त्यात होतं. (डच लोकांचा हा सरळपणा सुरुवातीला बोचतो, पण अहवालात फार बरा वाटतो.) वर्षाला १ ते ५ अब्ज युरो वाया जात असावेत, हा समितीचा अंदाज. आकड्यावर तेव्हाच वाद झाला, आणि १ ते ५ म्हणजे जरा ऐसपैसच अंदाज आहे हे मलाही मान्य आहे. पण वाया किती जातं हे कोणालाच नीट सांगता येऊ नये, यातच सगळं आलं.

समितीच्या शिफारशीतून २०१५ साली 'ब्यूरो आयसीटी-टुट्सिंग' सुरू झालं. ५० लाख युरो किंवा त्याहून जास्त आयटी खर्चाचे सरकारी प्रकल्प त्यांनी तपासायचे. २०२१ पासून हेच काम स्वतंत्र सल्लागार मंडळ म्हणून चालतं, त्याचं नाव 'अॅडफीसकोलेज आयसीटी-टुट्सिंग'. यात दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. तपासणारे लोक त्या प्रोजेक्टचे नसतात, त्यांची बढती त्या प्रोजेक्टवर अवलंबून नसते. आणि त्यांचं पत्र जाहीर होतं, त्यावर मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. सोनारानेच कान टोचावे म्हणतात ते हेच. कंपनीतलं पीएमओ जर त्याच डिलिव्हरी हेडच्या हाताखाली असेल ज्याची प्रोजेक्ट्स ते तपासतं, तर तिथे कान टोचले जाण्याची आशा कमीच. ऑर्ग चार्टमध्ये पीएमओच्या वरची चौकट कोणाची आहे, हे बघायला दोन मिनिटं लागतात. तेवढ्यावरून बरंच कळतं.

आता एक आयटीबाहेरचं उदाहरण. आम्स्टलवेनहून ट्रॅमने झाउदला येऊन मेट्रो ५२ पकडणारे आपल्यात पुष्कळ आहेत. ही नोर्द-झाउदलाइन २००३ साली बांधायला घेतली तेव्हा दीड अब्ज युरोंच्या आसपास खर्च आणि २०११ साली उद्घाटन असा बेत होता. प्रत्यक्षात सुरू झाली जुलै २०१८ मध्ये, आणि खर्च झाला सुमारे ३.१ अब्ज. ९.७ किलोमीटर, ८ स्टेशनं.

२००८ च्या जूनमध्ये फाइझलग्राख्त स्टेशनच्या जमिनीखालच्या भिंतीतून पाणी आणि माती आत आली, आणि वरची जुनी विणकरांची घरं खचली. सप्टेंबरमध्ये पुन्हा तसंच झालं. काही घरं २० सेंटिमीटरहून जास्त खाली गेली. आता गंमत बघा, मोजमापाची इथे अजिबात टंचाई नव्हती. मार्गावरच्या घरांच्या दर्शनी भिंतींवर छोटी प्रिझम बसवली होती, आणि यंत्रं अहोरात्र त्यांच्याकडे बघून मिलिमीटरमध्ये हालचाल टिपत होती. आपल्या भाषेत सांगायचं तर रिअल-टाइम डॅशबोर्ड! पण घर किती हललं हे कळणं वेगळं, आणि भिंत गळण्याची जोखीम किती आहे, झालं तर किती पैसे लागतील, हे निर्णय घेणाऱ्यांना आधी कळणं वेगळं. २००९ च्या फेब्रुवारीत जबाबदार वेथौडर (म्हणजे नगरपालिकेतले मंत्रीच म्हणा) चेर्ड हेरेमा यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नगरपरिषदेच्या चौकशी समितीचा अहवाल आला. २००२ चा निर्णय फार आशावादी आकड्यांवर घेतला गेला आणि परिषदेला पुरेशी माहिती मिळत नव्हती, हा त्याचा रोख.

दरम्यान फेरमान समितीने प्रश्न उघडपणे मांडला होता : पुढे जायचं, की बुजवून टाकायचं? उत्तर "पुढे जा" असं आलं. पण थांबवण्याची किंमत आणि चालू ठेवण्याची किंमत शेजारी शेजारी ठेवून निर्णय झाला. मला वाटतं, हेच काम पीएमओने न सांगता, संकट यायच्या आधी, वर्षातून निदान एकदा प्रत्येक मोठ्या प्रोजेक्टसाठी करायला हवं. आपल्या कंपन्यांत "हे आता थांबवलं तर काय?" असं विचारणारा माणूस अपशकुनी ठरतो.

असो. प्रत्यक्ष तपासणी कशी करायची? त्यासाठी महागडे कन्सल्टंट लागत नाहीत. दोन आठवडे, एक्सेल आणि जुने ईमेल पुरतात.

गेल्या दोन-तीन वर्षांत संपलेली दहा-बारा प्रोजेक्ट्स घ्या. बंद केलेली नक्की घ्या, ती सोडून देण्याचा मोह होतो. प्रत्येकाचे महिनावार स्टेटस रिपोर्ट काढा. दर महिन्याला 'शेवटी एकूण किती खर्च होईल' म्हणून जो आकडा लिहिला होता, त्याला प्रत्यक्ष झालेल्या खर्चाने भागा. वरच्या पहिल्या प्रोजेक्टचे आकडे येतील ०.७७, मग ०.८८, मग ०.९८. म्हणजे महिन्यागणिक १ च्या जवळ. दुसऱ्याची सुरुवात १.३३ ला. तिसऱ्याचे दहा महिने ०.६७, सपाट रेषा. हे आलेखावर काढलं की कंपनीचा स्वभाव दिसतो. बहुतेक ठिपके १ च्या खाली असतील तर कंपनीला स्वतःला फसवायची सवय आहे, वर असतील तर उशी घ्यायची. दोन्ही बाजूंना विखुरलेले पण दिवसेंदिवस १ कडे सरकणारे असतील, तर तुमचं पीएमओ चांगलं आहे, मग निम्मी प्रोजेक्ट्स 'ओव्हर बजेट' का असेनात. एव्हेलेन्स आणि व्हेरहूफ यांची पद्धत साधारण अशीच आहे.

मग ज्या प्रोजेक्टमध्ये मोठा घोळ झाला त्यातली एक तारीख शोधा : टीममधल्या कोणाला तरी हे पहिल्यांदा कधी कळलं? ईमेलमध्ये, चॅटमध्ये, टेस्टिंगच्या नोंदीत ती सापडतेच. दुसरी तारीख : स्टिअरिंग कमिटीच्या कागदावर ते कधी आलं? या दोन तारखांमधलं अंतर दिवसांत मोजा. मला विचाराल तर पीएमओचा यापेक्षा चांगला एकच आकडा दुसरा नाही. आठवडाभराचं अंतर असेल तर छान. तीन-चार महिन्यांचं असेल तर मधल्या कुठल्या पायरीवर बातमी अडली ते बघा.

स्टिअरिंग कमिटीची वर्षभराची मिनिट्स वाचा आणि प्रत्येक ओळीसमोर लिहा : निर्णय, की नुसती माहिती? "नोंद घेतली" हा निर्णय नाही. मी एका जागी असं वाचन केलं तेव्हा बारा बैठकांत खरे निर्णय चार निघाले. अशा वेळी दोष एकट्या पीएमओच्या माथी मारता येत नाही. कमिटीला निर्णय घ्यायचाच नसेल तर पीएमओ काय उंटावरून शेळ्या हाकणार? पण मूल्यमापनात हे लिहिलं पाहिजे, नाहीतर पीएमओ बंद होईल आणि कमिटी तशीच राहील.

खर्चही मोजा. समजा ४० प्रोजेक्ट मॅनेजर दर आठवड्याला ४ तास रिपोर्ट भरतात. वर्षातले कामाचे ४६ आठवडे धरले तर ७,३६० तास झाले. म्हणजे चार पूर्णवेळ माणसांहून जास्त, आणि हे पीएमओच्या बजेटमध्ये कुठेच दिसत नाही. कुठला रिपोर्ट खरंच लागतो हे ओळखायची एक खट्याळ युक्ती आहे. तो एक महिना पाठवू नका. कोण फोन करतं बघा. कोणीच केला नाही तर उत्तर मिळालं.

आता आपल्या लोकांबद्दल थोडं. इथल्या बऱ्याच प्रोजेक्ट्सची निम्मी टीम पुण्यात किंवा हैदराबादला असते. त्यांना इथून विचारलं, "शुक्रवारपर्यंत होईल ना?" की तिकडून येतं, "हो, होऊन जाईल." डच मॅनेजर ते वचन समजतो. आपल्याला मात्र त्या 'जाईल'मधला सूर कळतो! "हो, झालंय", "हो, होईल" आणि "हो, बघू या" हे तीन वेगळे 'हो' आहेत. स्टेटस रिपोर्टमध्ये मात्र तिन्ही हिरवे. यातून जे तयार होतं त्याला आम्ही कलिंगड म्हणतो : बाहेरून हिरवं, कापलं की लाल. तिकडच्या टीम लीडला दोष देऊन उपयोग नाही. तीन स्तरांवरच्या साहेबांसमोर लाल लिहिलं की पुढच्या अप्रेजलला त्याची किंमत त्यालाच मोजावी लागते. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तो अनुभवातून शिकलेला असतो. तारखेऐवजी "काय राहिलंय?" असं विचारलं की खरी यादी येते, आणि त्या यादीवरून तारीख आपल्यालाच कळते.

म्हणून मूल्यमापनात एक प्रश्न माणसांना समोरासमोर विचारा, फॉर्मवर नको : तुमच्या इथे शेवटचं लाल कोणी लिहिलं होतं, आणि त्याचं पुढे काय झालं? त्या माणसाला मदत मिळाली असेल तर पीएमओ जिवंत आहे. रोज खुलासे मागवले गेले असतील तर पुढच्या वर्षी सगळं कलिंगडच पिकणार. हे सांगणं ज्याचा व्हिसा नोकरीला बांधलेला आहे त्याला सगळ्यांत जड जातं. माझ्या ओळखीत एकाने हिरव्याचं पिवळं केलं म्हणून त्याला "टीम प्लेअर नाही" असं ऐकावं लागलं होतं. त्याने एक हुशारी केली. रंगावर वाद घालायचं सोडलं आणि दर महिन्याला फक्त आपला अंदाजाचा आकडा तारखेसह लिहून ठेवला. सहा महिन्यांनी ती यादी स्वतःच बोलली.

ज्यांना सराव म्हणून एखादं खरं मूल्यमापन वाचायचं आहे, त्यांनी त्या सल्लागार मंडळाची जाहीर पत्रं उघडावीत. काही पानांची असतात आणि भाषा सरळ असते. प्रोजेक्ट कशासाठी हवं आहे, ते झेपेल का, कोण जबाबदार आहे, या रांगेने ती वाचली की पुष्कळ शिकायला मिळतं. डचमध्ये आहेत, त्यामुळे इनबुर्खरिंगच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांचा वाचनाचा सरावही त्यातच होऊन जाईल. (हा 'जाईल' खरा आहे!)